पत्र्याखालचा कॉम्प्युटर

महाडच्या माणसाला कुठलीही किमती वस्तू दाखवा, तो आधी वर बघतो. पाणी आलं तर ही ठेवायची कुठे, हा त्याचा पहिला विचार. रंग, गॅरंटी, कंपनी हे सगळं मागाहून. आमच्या घरात ज्येष्ठ लागला की गाद्या, तांदळाचे डबे, आईचं शिलाई मशीन, अण्णांच्या फोटोंच्या पेट्या असं सगळं जिन्यानं वर जायचं आणि गणपतीच्या तोंडावर खाली उतरायचं. सगळ्या गावांत असंच असतं, अशी लहानपणी माझी समजूत होती. पुण्याच्या मावशीकडे भर पावसाळ्यात गव्हाची कोठी जमिनीवर ठेवलेली बघून मी तिला तोंडावर वेडी म्हटलं होतं आणि त्याबद्दल आईचा धपाटाही खाल्ला होता. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते कळायला आमची ही खोड कळायला हवी. आणि झालं ते माझ्या हातून झालं, हेही आत्ताच सांगून टाकते. शेवटपर्यंत ताणून धरायची मला सवय नाही.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बाजारपेठेत फोटो स्टुडिओ. खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक लांबट खोली, तिला आम्ही माळा म्हणायचो. अण्णा टापटिपीचे. फोटोला बसलेल्या माणसाची कॉलर वाकडी असेल तर स्वतः जाऊन सरळ करतील, मग तो तहसीलदार असो की भाजीवाला. रोलचे दिवस संपत आले होते. अण्णांनी कुरकुरत डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्यामागून कॉम्प्युटर घेणं आलंच. मी तेव्हा बारावीनंतरचा हार्डवेअरचा कोर्स करत होते. "तयार घेऊ नका, मी जोडते," असं मी म्हटल्यावर अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. "तू? मिक्सरचं भांडं धड बसवता येत नाही तुला." पण मग स्वतःच माझ्याबरोबर मुंबईला आले. दिवसभर हिंडून सुटे भाग घेतले, दुसऱ्या दिवशी गाडीनं वीर स्टेशनला उतरलो, आणि तिथून रिक्षात मदरबोर्डाचं खोकं मी मांडीवर असं धरून बसले होते की रिक्षावाल्यानं विचारलं, "आत अंडी हायत काय गो?" अण्णा इतके हसले, की पुढे महिनाभर त्या खोक्याला घरात अंडीच म्हणत होते.

जोडणी मी जेवणाच्या पाटावर केली. आईनं मागे कुळथाचं पिठलं ठेवलेलं, त्याचा वास, आणि मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन घामानं निथळतेय. प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावायची असते, उष्णता वर जावी म्हणून. ती मोहरीएवढी पुरते. मी भाकरीवर लोणी थापावं तशी थापली. मशीन चालू झालं, आणि दहा मिनिटांत आचके देऊन बंद पडलं. अण्णा नुसते मिक्सरकडे बघत राहिले. मी पुन्हा सगळं सोडवलं, पेस्ट पुसली, मोहरीएवढी लावली. तरी तापायचंच. मग शोध लागला की पुढचा आणि मागचा, दोन्ही पंखे हवा आतच ढकलत होते. वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी देव्हाऱ्यातली उदबत्ती उचलली आणि कॉम्प्युटरच्या खोक्यापुढे धरली. धूर पुढूनही आत, मागूनही आत. मागचा पंखा काढून उलटा बसवला, तेव्हा धुराची बारीक रेघ पुढून आत शिरली आणि मागून सरळ बाहेर पडली. आई दारात उभी. "देवाची उदबत्ती मशिनीला ओवाळतेस? बरी आहेस ना?" पण बघायला तीही थांबली. पडद्यावर तापमानाचा आकडा उतरत उतरत एका जागी थांबला, तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढे लग्नातही झाला नाही. नवऱ्याला हे माहीत आहे.

ते मशीन खाली, दुकानाच्या मागच्या भिंतीशी, गुण्यागोविंदानं चालत होतं. तिथे गार फरशी होती, खिडकी होती. वैशाख सरता सरता अण्णांनी वर बघितलं. "हे आता माळ्यावर जाईल. आणि वरच राहील. दर साली वर-खाली केलं तर तुझी अंडी फुटतील." मी भांडले. माळ्याला पत्रा. दुपारी वर उघड्या डोक्यानं उभं राहवत नाही, हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "अण्णा, ते मरेल वर." त्यावर अण्णा म्हणाले, "पाण्यात गेलेली वस्तू परत येते का कधी? तापलेली निवते." खरं सांगायचं तर मलाही ते आतून पटलंच होतं. मीही महाडचीच. पाण्याला भ्यायचं एवढं एकच आम्हाला शिकवलेलं, उन्हाला भ्यायला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा मशीन वर गेलं. एक टेबलफॅन मी त्याच्याकडे तोंड करून लावला. तरी प्रकरण निभावत होतं. मग पाऊस लागला आणि पत्र्याच्या जोडातून थेंब पडायला लागले. डांबर लावलं, एम-सील लावलं, थेंब जागा बदलून पडायचा. शेवटी अण्णांनी एक निळं मेणकापड आणलं आणि खोक्यावर, दोन्ही बाजूंनी, मागून, नीट घडी पाडून बांधलं. फक्त तोंड उघडं. म्हातारं माणूस घोंगडी पांघरून बसावं तसं ते दिसायचं. मागून बाहेर पडणारी गरम हवा मेणकापडाला थडकून पुन्हा पुढे यायची आणि पंखा तीच आत ओढायचा. उदबत्ती धरून बघायचीही गरज नव्हती, खोक्यापुढे हात धरला की कळायचं. झालं काय, की शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, पासपोर्ट फोटोंना रांग, आणि मशीन तापलं की मदरबोर्ड शिटी मारायचा. पीं पीं पीं. खाली गिऱ्हाईक विचारायचं, "वर कुकर लावलाय का?" अण्णा चिडायचे. तिसऱ्या दिवशी मी मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या निळ्या पडद्याच्या सेटिंगमध्ये गेले आणि शिटी बंद करून टाकली. तापल्यावर आपोआप बंद व्हायची मर्यादा होती, तीही वर सरकवली. दोन बटणं. चहा निवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. हार्ड डिस्क मी सगळ्यात वरच्या खणात, जिथे वारा पोचतच नाही तिथे बसवली होती. एकदा तिला बोट लावलं तर चटका बसला. सगळे फोटो सीडीवर उतरवून ठेवायचे ठरले होते; पण सीडी लिहायला घेतली की मशीन आणखी तापायचं. पाऊस उघडला की बघू, म्हणून मी ते काम बाजूला ठेवलं.

माझ्या मुलाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, पण तेव्हा तुला काय माहीत?" तेच तर दुखणं आहे. मला माहीत होतं. सबंध बाजारपेठेत हे माहीत असलेली तेव्हा मी एकटी होते.

आषाढात नदी आत आली. नगरपालिकेचा पुराचा भोंगा झाला तेव्हा पाणी चवदार तळ्याच्या बाजूनं गल्लीत शिरलं होतं, बघता बघता दुकानाच्या पायऱ्या गेल्या, मग काउंटर गेला. आम्ही तिघं माळ्यावर. आईनं स्टोव्ह वर आणलाच होता, त्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. खाली अंधारात आमच्याच दुकानातल्या खुर्च्या भिंतींना धडका देत फिरत होत्या, त्याचा आवाज जेवताना ऐकू यायचा. पत्र्यावर पाऊस असा की एकमेकांशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. दोन दिवसांनी पाणी उतरलं आणि गुडघाभर चिखल ठेवून गेलं. मशीन वर कोरडं ठणठणीत. अण्णांनी त्याच्यावर हात फिरवला आणि मला म्हणाले, "बघितलंस?" मी मान डोलावली. त्या क्षणी मलाही ते शहाणेच वाटले.

मग पोलादपूरकडून बातम्या यायला लागल्या. डोंगरातल्या एका वाडीवर दरड आली होती. रस्ते तुटलेले, फोन बंद, कोण म्हणे पाच घरं, कोण म्हणे सगळी वाडी. पुढे कळलं की सगळीच. आम्ही खराट्यानं चिखल लोटत होतो तेव्हा एक माणूस दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. पायात चप्पल नाही, अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी ढगळ शर्ट. मी ओळखलं नाही, अण्णांनी ओळखलं. सखाराम. मुंबईत गोदीच्या बाजूला हमाली करायचा, शिमग्याला आणि गणपतीला गावी यायचा. दरड आली तेव्हा तो मुंबईत होता, म्हणून वाचला. बायको आणि चार वर्षांची मुलगी वाडीत होत्या. बायको सापडली. मुलगी सापडली नाही.

तो रडत नव्हता. अण्णांना म्हणाला, "भाऊ, शिमग्याला आमी फोटू काढला व्हता तुमच्याकडं. तिघांचा. घरातला मातीत गेला. तुमच्या मशिनीत असंल ना?" अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तो फोटो मला चांगला आठवत होता. मुलगी एक मिनिट स्थिर राहायला तयार नव्हती, पडद्यामागे पळायची, आणि अण्णा कॉलर सोडून तिची रिबीन सरळ करत बसले होते. "आहे," मी म्हटलं. "आहे सखारामभाऊ. वर आहे, कोरडा आहे. देते काढून." तो म्हणाला, "पोरीचा दुसरा फोटू नाय बाय. एकपन नाय. ती सापडली नाय, तर निदान..." आईनं त्याला आत नेलं आणि पेज दिली.

वीज नव्हती. समोरच्या औषधाच्या दुकानाचा जनरेटर होता, तिथून वायर ओढली. मशीन चालू केलं, आणि पावसाची उघडीप होती म्हणून पहिल्यांदाच मला तो आवाज ऐकू आला. टक्. टक्. टक्. सुतारपक्ष्यासारखा एकसारखा. आवाज हार्ड डिस्कचा होता. तो आवाज काल सुरू झालेला नव्हता, एवढं मला कळत होतं. पत्र्यावरच्या पावसात तो किती दिवस बुडाला होता कोण जाणे. आणि पाऊस नसता तरी शिटी मीच बंद केलेली.

मेणकापड मी फाडून काढलं. डिस्क खोक्याबाहेर काढून लाकडी पाटावर ठेवली. गार असली की ती आठ-दहा मिनिटं वाचायची, तापली की टक् टक् करून मान टाकायची. बर्फ साऱ्या महाडात मिळाला नसता. मी गार पाण्याचं भांडं फडक्यात गुंडाळून तिच्यावर ठेवलं, थेंब पडेल म्हणून परत काढलं. मग आई सूप घेऊन आली आणि वारा घालायला लागली. आई दमली की अण्णा. अण्णा दमले की मी. सखाराम जिन्याशी बसून बघत होता. थोड्या वेळानं उठला, अण्णांच्या हातातलं सूप घेतलं आणि म्हणाला, "माझा हात दुखत नाय. हमालाचा हात हाय." मग तो थांबलाच नाही. एकसारखा, न बोलता, त्या लोखंडाच्या वडीला वारा घालत राहिला, आजारी माणसाला घालतात तसा. मधेच मला विचारलं, "अजून तापतीय काय गो?" मी म्हटलं, "निवतेय, भाऊ. घाला." माझी नजर पडद्यावरून हलत नव्हती, कारण त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

शिमग्याचं फोल्डर सापडलं. लग्नांचे फोटो, साखरपुडे, कुणाची नवी रिक्षा, सगळं मी सोडून दिलं आणि त्याची एकच फाइल ओढायला लावली. ती अर्ध्यावर आली आणि डिस्क थांबली. निववली. पुन्हा लावली. थोडी पुढे सरकली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा टक् सुद्धा केलं नाही. गप्प झाली ती कायमची. जेवढं आलं तेवढं मी उघडलं.

वरून चित्र उतरत आलं. आधी स्टुडिओचा निळा पडदा. मग उभा सखाराम, भांग पाडलेला, छाती काढलेली. मग खुर्चीत बसलेली त्याची बायको, तिचे डोळे, नाक, हनुवटी. तिच्या खांद्याशी एका लाल रिबिनीचं टोक दिसलं. त्याच्याखाली सपाट राखाडी रंग, पार तळापर्यंत. मुलगी आईच्या गुडघ्याशी उभी होती. सबंध मुलगी त्या राखाडीत होती.

अण्णा म्हणाले, "सखाराम, खालचा भाग कापून तुम्हा दोघांचा मोठा करून देतो. छान होईल." टापटिपीचा माणूस, त्यांना दुसरं सुचलंच नाही. सखारामनं सूप खाली ठेवलं, पडद्याजवळ आला आणि राखाडी रंगावर बोट ठेवलं. "कापू नका भाऊ. ती हाय तिथं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तू लय केलंस. एवढं कोन करतं? आता नाय निघत तर नाय. नवी मशीन आली की निघंल ना?"

आणि मी म्हटलं, "बघू. पुढच्या वर्षी बघू."

अण्णांनी तसाच छापून, चौकट करून दिला. पुढच्या शिमग्याला सखाराम आला. वाडी उरली नव्हती, सरकारनं दुसरीकडे बांधून दिलेल्या घरात त्याचा भाऊ राहायचा. पण सखाराम तिकडे जायच्या आधी आमच्याकडे यायचा. पाणी प्यायचा, नव्या मॉनिटरकडे बघायचा आणि विचारायचा, "आता निघंल काय गो?" मी म्हणायचे, "अजून नाही भाऊ. पुढच्या वर्षी बघू." डिस्क मी पहिल्याच वर्षी मुंबईला दाखवून आणली होती. तिथल्या माणसानं ती उघडून दाखवली, आतली तबकडी खरवडून निघाली होती. तरी मी "बघू" म्हणत राहिले. अण्णा गेले, आई थकली, दुकान माझ्याकडे आलं, माझा चष्मा जाड झाला, सखारामचे केस पिकले. दर शिमग्याला तो यायचा आणि मी त्याला गूळ-शेंगदाणे आणि खोटं द्यायचे. वाईट वाटेल त्याला, असं मी स्वतःला सांगायचे. वाईट मलाच वाटणार होतं, दुसरं काय?

मागच्याच्या मागच्या साली तो आला तेव्हा हातात पुतण्याचा फोन होता. पुतण्यानं त्या फोटोचा फोटो काढून कसल्याशा ॲपमध्ये घातला होता आणि ॲपनं राखाडी भाग भरून काढला होता. तिथे एक मुलगी उभी होती. गोरी, गालाला खळी, हात जोडून, अगदी शहाण्यासारखी. सखाराम म्हणाला, "सगळी बोलतात, बघ, निघाली. ही कोन हाय? आमची सुमन सावळी. आनि ही बघ कशी गप उभी ऱ्हायलीय. सुमन गप ऱ्हायली व्हती काय?" फोन त्यानं काउंटरवर उपडा ठेवला. "तुज्याकडं खरी हाय. तू काढ."

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. माझ्याकडे नाही भाऊ, कुठेच नाही, त्याच दिवशी गेली. मशीन तापत होतं. ते ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं तोंड बंद केलं. मुंबईवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं. सगळं एका दमात बोलले आणि रडले. चाळिशीला टेकलेली बाई भर दुकानात हमसून रडतेय, गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

सखारामनं काउंटरवरचा फोन उचलला. मग म्हणाला, "मशीन तापली ते जाऊ दे. मशीनच ती. पन दर साली फुडल्या साली बघू, फुडल्या साली बघू, असं का बोलत व्हतीस गो?"

मी गूळ-शेंगदाण्यांची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

त्यानं फोन खिशात घातला. "गावाला घर नाय, वाडी नाय. शिमग्याला मी हिकडं यायचो, ती हिकडं हाय म्हनून. आता कुटं जाऊ बाय?"

माझ्याकडे या, एवढं तरी म्हणायचं. तेही माझ्या तोंडून निघालं नाही, आणि तो पायरी उतरून गेला.